छाट झालेला नवरदेव

तुळसाबाई नकला करायला लागली की बिड्या वळणाऱ्या बायांचे हात थांबत, आणि हात थांबले की मजुरी बुडे. म्हणून शेवंताबाईनं आपल्या अंगणात एक नियमच करून टाकला होता. तुळसीनं नकला करायच्या त्या दुपारचा भात खाऊन झाल्यावर, मांडीवर सूप नसताना. काम सुरू असताना तिनं तोंड वाकडं जरी केलं तरी शेवंताबाई कैची उगारून म्हणे, "चूप बस वं, तमाखू सांडते हासता हासता!"

चिचटोला हे रामपायलीजवळचं धानाचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांचा मोहल्ला. दीक्षा घेऊन दहाबारा वर्षं झाली होती. मोहल्ल्यातल्या माणसांनी गावाची जुनी कामं सोडली होती आणि मान ताठ केली होती, पण ताठ मानेनं चूल पेटत नाही. शेती थोड्यांकडेच. बाकीच्या घराघरांतून बायका तेंदूची पानं कापत, तमाखू भरत, धागा बांधत, आणि संध्याकाळी बिड्यांचे कट्टे पदराखाली झाकून मोतीलाल सट्टेदाराच्या छपरीत नेऊन देत. पानं, तमाखू त्याच्याकडूनच मिळे. वळलेला माल तो पुढे गोंदियाच्या कारखान्यात पाठवी.

मोतीलाल कधी वाईट बोलत नसे. हाच त्याचा मोठा गुण होता आणि हीच मोठी अडचण. गोल चेहरा, तोंडात कायम पान, आवाजात साखर. तो कट्टा उचली, कानाशी नेऊन खुळखुळवी, अंगठ्यानं दाबी, एक डोळा मिटून आत पाही, जणू दुर्बिणीतून नागपूर दिसतंय. मग मोठ्या दुःखानं सुस्कारा टाकी. "बेटा, मेहनत तो तूने बहुत की. पर ये जरा ढिली आहे. ही छाटमधी गेली."

छाट म्हणजे नापास झालेला माल. त्याची मजुरी नाही. तेही एक वेळ कुणी सोसलं असतं, पण छाट झालेल्या बिड्या परतही मिळत नसत. त्या मोतीलालच्या मागच्या टोपल्यात पडत. टोपलं रोज भरे आणि रामपायलीच्या बाजाराच्या दिवशी रिकामं होई.

एकदा तुळसाबाईच्या नवऱ्यानं, डोमाजीनं, बाजारातून सुट्या बिड्या आणल्या. अंगणात बसून एक पेटवली, झुरका घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, "वा! भल्ली मस्त लागते. कोनी वळली असन?"

तुळसाबाईनं बिडी त्याच्या हातातून घेतली. धाग्याची गाठ पाहिली.

"तुमच्याच बायकोनं," ती म्हणाली. "मंगळवारी ढिली होती. शनवारी घट्ट झाली वाटते."

डोमाजीला हसावं की खोकावं कळेना. त्यानं दोन्ही केलं.

रडायची ही गोष्ट. पण तुळसाबाईचा स्वभाव असा की रडायला लागली तरी मध्येच तिला त्यातलं हसू सापडे. दुसऱ्या दिवशी शेवंताबाईच्या अंगणात भात खाऊन झाल्यावर तिनं एक कोंबडी उचलली, कानाशी नेली, हलवली, एक डोळा मिटला आणि मोतीलालच्या आवाजात म्हणाली, "बेटी, अंडं तो तूने दिया. पर जरा ढिला आहे." बाया जमिनीवर लोळल्या. शेवंताबाईनं तर डोळे पुसायला पदर शोधला आणि शेजारणीचाच ओढला.

एकोणीसशे अडुसष्टची दिवाळी झाली आणि मंडईचे दिवस आले. दिवाळीनंतर त्या मुलखात गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, जिलेब्या, लेकी माहेरी आलेल्या, आणि भर दुपारी मैदानात खडी गंमत. ढोलकी, टुणटुणं, शाहिराचं गाणं, बाईचं सोंग घेतलेला नाच्या आणि अधूनमधून हसवणारं वगनाट्य. चिचटोल्याची पार्टी होती दादाजी शाहिराची. दादाजी म्हातारा, पण आवाज अजून पाण्यातल्या घागरीसारखा घुमणारा. त्याच्या पार्टीत नाच्या होता डोमाजी. लुगडं नेसून तो पाऊल टाकी तेव्हा दूरच्या लामत्याहून आलेली माणसंसुद्धा शिट्या मारीत. तुळसाबाईला त्याची लाज नव्हती. तक्रार एवढीच की तो तिचं नवं लुगडं नेसून जाई आणि मळवून आणी.

त्या वर्षी दादाजी डोमाजीच्या अंगणात बसून कुरकुरत होता. "तोच बेवडा नवरा, तेच बायकोचं लाटनं. लोकं आता हासत नाई, जांभई देतेत. पयलेच्या वगात यमराज होता, इंद्र होता. ते तं आपन सोडलं. नवं काई पायजे बापा."

तुळसाबाई आत चुलीजवळ होती. तिथूनच म्हणाली, "नवरदेवाची छाट करा ना."

"म्हंजे?"

ती बाहेर आली. हाताला राख तशीच. "एक मोठा सेठ आपलं पोरगं घेऊन गरीब बिडीवाल्याच्या घरी पोरगी मांगाले येते. आता पोरीचा बाप बिचारा सेठकडूनच शिकलेला. तो नवरदेवाले कट्ट्यावानी पाह्यते. कानाशी नेते, दाबते, हालवते. अन् म्हन्ते, मेहनत तो आपने बहुत की सेठ, पर लडका जरा ढिला आहे. छाट!"

डोमाजी हसायला लागला. दादाजीनं हात वर केला. "थांब थांब. मंग सेठ म्हन्ते, ठीक आहे, मी माह्या पोराले घरी नेतो."

"नेतो कसा?" तुळसाबाईनं डोळे मोठे केले. "छाट कवा परत जाते का? छाट इथंच राह्यते! लगन नाई होत, पर पोरगं आमच्या म्हशी चारन."

दादाजी इतका हसला की त्याला ठसका लागला आणि डोमाजीनं पाठीवर थापा मारून त्याला परत आणला. डोळे पुसत म्हातारा म्हणाला, "तुळसे, हे झालं तं मंडई आपली!"

पोरीच्या बापाचं काम घनश्यामला दिलं. घनश्याम तरणा, उंच, छाती भरलेला. मोहल्ल्यातल्या सभेत तोच बोले. पण तालीम सुरू झाली आणि गंमत कुठंतरी पळून गेली. घनश्याम "छाट!" म्हणे ते असं की समोरचा तेजराम, जो नवरदेव झाला होता, दचकून मागं सरके. घनश्यामच्या कपाळाची शीर फुगे, मूठ वळे, आणि "गरिबाचं रक्त पिणाऱ्या" असं वगात नसलेलं वाक्य तोंडातून निघे.

"अरे भाऊ, तू तं खून करशीन," दादाजी म्हणाला.

"मंग का करू? राग येते मले!"

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तुळसाबाईला राहवलं नाही. "घनश्यामभाऊ, राग आमाले येऊ द्या. तुमी गोड बोला. मोतीलाल सेठ कवा रागानं बोलते का? तो बेटा म्हन्ते, सुस्कारा टाकते, अन् कट्टा टोपल्यात टाकते. तुमी जितकं गोड बोलसान तितकं लोकायले झोंबन."

घनश्यामनं गोड बोलून पाहिलं. ते ऐकून तेजराम म्हणाला, रागावलेला बरा होता.

मंडईच्या सकाळी घनश्याम दिसेना. त्याच्या आईनं दारातूनच सांगितलं, "तो लामत्याले गेला सासरी. सट्टेदारानं पत्ता बंद केला, पानं-तमाखू देनं थांबवलं तं आमी का खावाचं?" म्हातारीचं खोटं नव्हतं. मंडईला खुर्च्या मोतीलालच्या, लाऊडस्पीकर मोतीलालचा, आणि पहिल्या रांगेत मधोमध बसणारही तोच. दादाजी ढोलकीवर हात ठेवून बसून राहिला. तेजरामनं डोक्याच्या मुंडावळ्या काढल्या.

लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून तयार झालेला डोमाजी आपल्या बायकोकडे पाहत होता.

"माह्याकडे काहून पाहून राह्यले?" तुळसाबाई म्हणाली.

"तुले सारं पाठ आहे."

"मी बाईमानूस!"

"अन् मी का आहे मंग?" डोमाजीनं पदर सावरत विचारलं. "मी बाप्या असून लुगडं नेसतो. तू बाई असून धोतर नेस. हिसोब बरोबर होते."

बाई कधी गंमतीत उभी राहिली नव्हती. लोक काय म्हणतील, सासरमाहेरचे काय म्हणतील. आणि घनश्यामच्या आईला वाटली ती भीती तिलाही होतीच. पण त्या भीतीच्या खाली काहीतरी उकळत होतं, झाकण उडवू पाहत होतं. कोंबडी कानाशी धरली तेव्हा अंगणातल्या पाचदहा बाया हसल्या होत्या. सारी मंडई हसली तर कसं वाटेल?

"धोतर कोनाचं नेसू?" ती म्हणाली.

दुपारी मैदान गच्च भरलं. दादाजीनं पोवाडा म्हटला, डोमाजी नाचला, शिट्या झाल्या. मग वग लागला. दादाजी सेठ बनून, तेजरामला हाताला धरून आला. आणि समोरून धोतर, काळा कोट, फेटा आणि नाकाखाली कोळशाची मिशी अशी तुळसाबाई चालत आली. चालली मात्र हुबेहूब मोतीलालसारखी, पोट पुढं, तोंडात पान, टाच घासत. पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. मग बायांच्या बाजूनं शेवंताबाईची किंकाळी आली, "माय वं! तुळसी होय ते!" आणि मैदानात अशी लाट उठली की ढोलकीवाल्याला काही काळ नुसतं बसून राहावं लागलं.

तुळसाबाईला पहिलं वाक्य आठवेना. पण तिनं तेजरामचा कान धरला, आपल्या कानाशी नेला आणि त्याला गदागदा हलवलं. "आवाज येते," ती गंभीरपणे म्हणाली. "आत तमाखू कमी आहे."

हसण्याचा कडकडाट झाला. त्यापुढे तिला काही आठवावं लागलं नाही.

तिनं नवरदेवाचं पोट दाबलं. एक डोळा मिटून त्याच्या तोंडात पाहिलं. त्याला उभा केला, आडवा केला, खांद्यावर वाजवून पाहिला. नवरी झालेला डोमाजी पदराआडून म्हणाला, "बाबा, मले पसंत आहे वो!" त्यावर तिनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आवाजात साखर घोळून म्हणाली, "बेटी, पसंतीचा सवाल नाई. कारखान्यातून वापस आलं तं?" मग सेठकडे वळून लांब सुस्कारा टाकला. "सेठ, मेहनत तो आपने बहुत की. पर लडका छाट में गया."

पहिल्या रांगेत सगळ्यात जास्त कोण हसत होतं, तर मोतीलाल. त्याला वाटलं, हा रामपायलीच्या दुसऱ्या सट्टेदाराचा उद्धार चाललाय. तो मांडीवर थाप मारत होता, शेजारच्या सरपंचाला कोपर मारत होता. "बिलकुल वैसाच करते साला!" असं म्हणत होता. त्याच्या मागच्या बाजूला बायांत बसलेली त्याची बायको गोदाबाई मात्र पदराचा बोळा तोंडात कोंबून नवऱ्याच्या पाठीकडे पाहत होती.

"ठीक आहे," वगातला सेठ म्हणाला. "चल रे पोरा, घरी जाऊ."

"घरी?" तुळसाबाईनं तेजरामची कॉलर पकडली. "सेठ, तुमी एवढे मोठे मानूस, तुमाले धंद्याची रीत नाई मालूम? छाट परत नाई जात. टोपल्यात जाते!" आणि तिनं खरंच एक भलंमोठं टोपलं उचलून तेजरामच्या डोक्यावर पालथं घातलं. "लगन नाई. जेवन नाई. पर म्हशी हाच चारन. अन् बाजाराच्या दिवशी याले सुटा विकू!"

बायांच्या बाजूला आता हसणं राहिलं नव्हतं, तो कल्लोळ होता. कुणी उठून उभी राहिली, कुणी टाळ्या पिटल्या, आणि एकेक करत सगळ्या माना एकाच खुर्चीकडे वळल्या. मोतीलालचा हात मांडीवर थाप मारायला वर गेला होता; तो तिथंच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून हसू निघून जायला लागलं, पण सारा गाव पाहत असताना हसू थांबवणं म्हणजे कबुली देणं. म्हणून तो बिचारा हसतच राहिला. वग संपेपर्यंत हसला. संपल्यावर दादाजीला शेला देतानाही हसला. घरी गेल्यावर, असं गोदाबाईनं नंतर सांगितलं, त्याचे गाल दुखत होते.

मग आली संध्याकाळची छपरी. बाया माल घेऊन बसल्या. मोतीलालनं पहिला कट्टा उचलला, सवयीनं कानाकडे नेला आणि कुणीतरी खुदकन हसलं. त्यानं कट्टा खाली घेतला. अंगठ्यानं दाबायला गेला तर दुसरीकडून खोकल्याचा आवाज. एक डोळा मिटायची तर सोयच राहिली नाही. त्या दिवशी एकही बिडी छाट झाली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. रस्त्यानं जाताना पोरं एकमेकांना कानाशी धरून हलवू लागली. तिसऱ्या दिवशी मोतीलालची साखर संपली.

"तुळसाबाई," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "उद्यापासून तुझा पत्ता बंद. बडी कलाकार झाली ना तू. गंमत कर, बिडी सोड."

तुळसाबाई सूप उचलून घरी आली. अंगणात बसली. मंडईची सगळी नशा उतरली होती. "माह्या तोंडानं खाल्लं मले," ती डोमाजीला म्हणाली. "घनश्याम हुशार. सासरी जाऊन बसला."

डोमाजीनं तिच्या शेजारी बैठक मारली. "मी तुले एक सांगू? मी इतके वर्सं नाचतो. लोकं हासतेत अन् घरी जातेत. पयल्यांदा असं झालं का लोकं हासले अन् मंग सट्टेदाराचा हात थांबला. मले तं गर्व वाटते."

"गर्व शिजवून खावाचा का?"

"मीठ टाकून पाहू," डोमाजी म्हणाला, आणि तिला नको असताना हसू आलं.

सकाळी शेवंताबाई दारात उभी. मागं मोहल्ल्यातल्या साऱ्या बिडीवाल्या. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या बगलेत चटई, एकीच्या हातात तर लोणच्याची बरणी.

"चाल वं," शेवंताबाई म्हणाली. "आपली छाट झाली."

"छाट तं माही झाली. तुमची कुठं?"

"तू छाट तं आमी बी छाट. एकाच झाडाचा पत्ता. अन् छाट कुठं राह्यते? तूच सांगतली ना साऱ्या मंडईले!"

तुळसाबाईला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ती आत धावली आणि आपलीही चटई घेऊन आली.

मोतीलाल दात घासत बाहेर आला तेव्हा त्याची छपरी बायांनी भरली होती. कुणी भांडत नव्हतं, कुणी घोषणा देत नव्हतं. शेवंताबाई तर हात जोडून उभी राहिली. "सेठ, राम राम. आमी छाटमधी गेलो. रीतीपरमानं आता तुमच्याच घरी राह्यतो. मजुरी नाई मांगत, बापा. पर टोपलं कुठं ठेवलं? ल्हान असन तं मोठं आना, शेवंती मावत नाई त्याच्यात."

"ये क्या तमाशा आहे?"

"तमाशा नाई सेठ, गंमत," तुळसाबाई अगदी गोड आवाजात म्हणाली. "म्हशी कुठं आहेत? चाराले नेतो."

रस्त्यावर माणसं जमू लागली. सरपंचही आला, आणि मंडईत खाल्लेल्या कोपरांची आठवण ठेवून मजेत उभा राहिला. मोतीलाल ओरडला, समजावू लागला, परत ओरडला. बाया प्रत्येक वाक्याला "हौ सेठ" म्हणत आणि चटईवर जरा जास्त पसरत. लेकरांनी अंगणातली पेरूची झाडं शोधून काढली.

तेवढ्यात आतून गोदाबाई आली. हातात चहाचं मोठं पातेलं. "बसा वो बायांनो," ती म्हणाली. "आता घरचेच झालात तं चहा तं घेसानच. दुपारच्याले भात टाकते. किती जनींचा टाकू, वो?" हे शेवटचं तिनं नवऱ्याला विचारलं.

मोतीलालनं बायकोकडे पाहिलं. "तू भी?"

"मी का केलं? तुमीच म्हन्ता छाट परत नाई जात," गोदाबाई म्हणाली आणि इतका वेळ दाबलेलं हसू तिच्या तोंडातून असं फुटलं की पातेल्यातला चहा हिंदकळला. एक बाई हसली, दुसरी हसली, सरपंच हसला. आणि मोतीलाल, जो मूळचा हसऱ्या स्वभावाचाच माणूस होता, ओठ घट्ट दाबून उभा राहिला, उभा राहिला, आणि शेवटी त्याच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. तो हसत होता. मनाविरुद्ध, पण या वेळी खरं.

"बोला," तो ओट्यावर बसत म्हणाला. "का पायजे?"

तुळसाबाई म्हणाली, "छाट करा सेठ. खराब माल असन तं जरूर करा. पर छाट झालेली बिडी आमच्यासमोर मोडाची. टोपल्यात नाई."

मोतीलालनं मनात हिशोब मांडला. मोडलेली बिडी बाजारात विकता येत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आणि विकून पैसे मिळणार नसतील तर चांगली बिडी कोण छाट करील? त्यानं मान हलवली. "चला. मंजूर. आणि तुझा पत्ता चालू. लेकिन एक शर्त आहे."

"कोनती?"

"ती चाल. पोट काढून चालते ना तू. तसा मी नाई चालत."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि चहाचे कप घाईघाईनं तोंडाला लावले.

छाट पूर्ण थांबली असं नाही. अधूनमधून मोतीलाल एखादी बिडी उचले, बायांच्या समोर दोन बोटांत मोडे आणि मोडताना त्याच्या तोंडावर खरंच दुःख दिसे, कारण आता नुकसान त्याचंही होतं. घनश्याम लामत्याहून परतला तो काही दिवस मान खाली घालून फिरला. मग तुळसाबाईनंच त्याला बोलावून टुणटुणं वाजवायला बसवलं. ते तो झकास वाजवी, कारण त्याला गोड बोलावं लागत नसे.

पुढच्या वर्षी भातकापणी सुरू असताना एका दुपारी मोतीलाल डोमाजीच्या अंगणाबाहेर येऊन उभा राहिला. मोहल्ल्यात तो सहसा येत नसे. तुळसाबाईनं खाट टाकली. तो टेकला, इकडंतिकडं पाहिलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

"मंडई आली," तो म्हणाला. "इस साल किसका नंबर आहे?"

"अजून ठरलं नाई, सेठ."

मोतीलाल खाट पुढं ओढून बसला. आवाज हळू केला. "सरपंचाचा घ्या. पंचायतीची नवी विहीर त्याच्या दारात कशी आली, मालूम आहे? मी सांगतो ना. सगळं सांगतो. मी तर बाजूलाच बसलेलो होतो."

तुळसाबाईनं डोमाजीकडे पाहिलं. डोमाजीनं दादाजीला बोलवायला शेजारचं पोरगं पाठवलं.

"सांगा सेठ," ती म्हणाली, "पर जरा उभं राहून सांगा. सरपंच कसा चालते ते बी पायजे."

आणि मोतीलाल सट्टेदार धोतराचा सोगा सावरत, हसत हसत, अंगणात चालून दाखवायला उठला.